गळका फोर्क आणि पुढचा ब्रेक

१९५०च्या दशकात मद्रासेत बुलेट मोटारसायकल तयार होऊ लागली. त्या जुन्या घडणीच्या काही गाड्या अजूनही खेड्यापाड्यांतून धावतात. इंजिन ठणठणीत असते, पण पुढच्या फोर्कवरून तेलाचा ओघळ उतरलेला असतो. धनी म्हणतो, "जुनी गाडी, गळायचीच!" पण हे तेल चाकाच्या ड्रममध्ये शिरून ब्रेकच्या पट्ट्या भिजल्या, तर ऐन उतारावर ब्रेक धरत नाही. मग गोष्ट जिवावर बेतते.

फोर्कमध्ये नळीत नळी सरकते. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. धक्का स्प्रिंग झेलते. पण ती उसळत राहू नये म्हणून तेल बारीक वाटेने रेटले जाते. गुरुजींनी सायकलचा पंप घ्यावा, तोंडावर बोट अर्धवट धरून दट्ट्या दाबावा. मुलांना हे तत्त्व चटकन कळेल.

आता गळती शोधू या. फोर्क स्वच्छ पुसा आणि गाडी थोडी फिरवून आणा. सरकत्या नळीच्या तोंडाशी ओल दिसली, तर दोष बहुधा ऑईल सीलचा. तळाशी थेंब लोंबत असेल, तर नटाखालचे वॉशर पाहा. तिथे सील बदलून काय उपयोग?

सील बदलायचे ठरले, तर इंजिनाखाली भक्कम ठोकळा द्या, चाक काढा, जुने तेल भांड्यात घ्या. आतल्या नळीवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले, तर नवे सीलही लवकरच फाटेल. आधी नळी बदला. बुश झिजून नळी डगडगत असेल, तर बुशही बदलावे.

पंपातल्या कातडी वॉशरचे तोंड दाबल्या जाणाऱ्या हवेकडे असते. तसेच सीलचे स्प्रिंगवाले ओठ तेलाकडे हवे. ओठाला तेल लावा, आट्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि सील सरळ, चहूबाजूंनी सारखे दाबून बसवा. पेचकसाने ठोकू नका.

तेल गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेवढेच, दोन्ही पायांत सारखे मोजून घाला. "थोडं जास्त असू द्या" म्हणाल, तर वरची हवा अती दाबली जाऊन तेच तेल सीलबाहेर येईल. चाक चढवल्यावर फोर्क चारदोनदा दाबा आणि मगच आसाचे नट पक्के करा.

तेलाने भिजलेल्या ब्रेकपट्ट्या मात्र बदलाच. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग मोकळ्या जागी, सावकाश गाडी चालवून ब्रेक पाहा. तो नीट धरला, म्हणजेच घरच्या माणसाला मागे बसवा.