सागरकिनाऱ्यावरचे अनाहूत



पुण्याला समुद्र नाही. मात्र उन्हाळ्यात संगम पुलावर किंवा बंडगार्डनच्या पुलावर उभे राहिले, की मुळा-मुठेच्या पाण्याऐवजी एक हिरवा गालिचा दिसतो. ती जलपर्णी. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात. जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसाने शोभेची वनस्पती म्हणून ती जगभर नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये येऊन पोहोचली. आज दर वर्षी यंत्रे लावून ती काढावी लागते आणि दर वर्षी ती पुन्हा पसरते. नदीत जे डोळ्यांसमोर घडते, तेच समुद्रात डोळ्यांआड घडत आहे. म्हणूनच पुणेकरांनीही समजून घ्यावा असा हा विषय आहे.

मुंबई बंदरातील एक उदाहरण पाहावे. मायटिलॉप्सिस सॅली नावाचा, बोटाच्या पेराएवढा एक शिंपला आहे. त्याचे मूळ स्थान अटलांटिकच्या पलीकडे, कॅरिबियन समुद्राच्या परिसरात. १९६७ च्या सुमारास तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीत त्याची नोंद झाली. हजारो मैलांचा हा प्रवास त्याने पोहून केलेला नाही. त्याला आणले ते जहाजांनी. खारे पाणी, निमखारे पाणी, जवळजवळ गोडे पाणी, सर्वत्र तो तगतो. सुमारे महिनाभरात तो प्रजननक्षम होतो. धक्क्याचे खांब, जहाजांचे तळ, पाणी खेचणाऱ्या नळ्या यांवर त्याचे थरावर थर चढतात आणि स्थानिक जीवांना चिकटायला जागा उरत नाही.

हे जीव जहाजातून येतात तरी कसे? मालाने भरलेले जहाज समुद्रात स्थिर राहते. रिकामे जहाज डोलू लागते. म्हणून माल उतरवल्यावर जहाज आपल्या टाक्यांमध्ये त्या बंदराचेच पाणी भरून घेते. त्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. पुढच्या बंदरात माल चढवताना हे पाणी सोडून दिले जाते. त्या पाण्यात शिंपल्यांची आणि खेकड्यांची सूक्ष्म पिल्ले, शैवाले, जीवाणू असतात. एका महासागराचे पाणी अशा रीतीने दुसऱ्या महासागराच्या किनारी ओतले जाते. जगभरात दर वर्षी असे काही अब्ज टन पाणी इकडचे तिकडे होते. पूर्वीची शिडाची तारवे वजनासाठी दगड-वाळू भरत आणि त्यांचा वेग मंद असे. पोलादी जहाजे आली, पाणी भरण्याची सोय झाली, वेग वाढला आणि वाटेत मरून जाणारे जीव जिवंत उतरू लागले.

दुसरा मार्ग जहाजाच्या तळाला चिकटून येण्याचा. तिसरा कालव्यांचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील शेकडो प्रजाती भूमध्य समुद्रात शिरल्या. चौथा मार्ग अलीकडचा, तरंगत्या प्लास्टिकचा. २०११ मध्ये जपानला त्सुनामीचा तडाखा बसला. त्या लाटेने ओढून नेलेल्या धक्क्यांच्या तुकड्यांवर आणि नौकांवर बसून जवळजवळ तीनशे जपानी प्रजाती पुढील काही वर्षांत प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला जिवंत लागल्या. लाकूड सडते, बुडते. प्लास्टिक सडत नाही. मानवाच्या कचऱ्याने अशा जीवांना न बुडणारी नौकाच मिळवून दिली.

याचा फटका कोणाला बसतो? ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, जेलीफिशसारखा दिसणारा निमिओप्सिस नावाचा जीव बॅलास्ट पाण्यातून काळ्या समुद्रात आला. माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य तो फस्त करू लागला. आधीच बेसुमार मासेमारीने खिळखिळ्या झालेल्या त्या समुद्रातील अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी, त्या दशकाच्या अखेरीस कोसळली आणि किनाऱ्यावरची गावे उघडी पडली.

हे फार दूरचे वाटेल. केरळ दूरचे नाही. तेथील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्या जातकुळीतील शिंपल्यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते. जपून केलेल्या मासेमारीबद्दल या व्यवसायाला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पुढे अवघ्या काही वर्षांत मध्य व दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा मायटेला नावाचा शिंपला केरळच्या खाड्यांमध्ये पसरल्याचे २०१९ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तो तळावर गालिच्यासारखा पसरतो आणि त्याखाली स्थानिक शिंपले दबून जातात. ज्यांनी सर्व नियम पाळले, त्यांच्याच ताटात दुसऱ्या कोणाच्या तरी जहाजाने माती कालवली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांमध्ये ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हा इशारा आहे.

येथे एक विवेक मात्र राखावा लागेल. परके ते सारे वाईट, असे निसर्गात नाही. आज कोकणाची ओळख बनलेला काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातलेच. त्यांच्याविना आपले स्वयंपाकघर चालणार नाही. बाहेरून आलेल्या बहुतांश प्रजाती निरुपद्रवी राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अहवालानुसार मानवाने नव्या प्रदेशांत नेलेल्या प्रजाती ३७ हजारांहून अधिक आहेत. त्यांतील उपद्रवी ठरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक. परकेपणा हा दोष नव्हे. ज्याला आवर घालणारा शत्रू नव्या घरी नाही, त्याची बेबंद वाढ हा दोष आहे. पण या अल्पसंख्य उपद्रवींचा वार्षिक आर्थिक भार त्याच अहवालाने ४२३ अब्ज डॉलरहून अधिक सांगितला आहे.

आणि प्रत्येक वेळी चूक अजाणतेपणीच होते असेही नाही. फिलिपिन्समधील कप्पाफायकस हे समुद्रशैवाल तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रोजगारासाठी मुद्दाम लावण्यात आले. अनेक महिलांच्या हाताला त्यातून काम मिळाले, हे खरे. परंतु तेच शैवाल मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर चढल्याचे २००८ मध्ये समोर आले. प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो. वर शैवालाची चादर पसरली की खाली प्रवाळ मरतो. हेतू चांगला असला तरी परिणामांची जबाबदारी टळत नाही.

मग उपाय कोणता? पहिला उपाय वेळेवर पाहणे. मुंबईत ठाण मांडलेला तोच मायटिलॉप्सिस मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकाघरांत सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तेथे नव्हता. प्रशासनाने तातडीने नौकाघरांचे दरवाजे बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि काही आठवड्यांत तो समूळ नष्ट केला. आत अडकलेले इतर जीवही त्यात मेले. किंमत जबर होती. पण पाहणीच झाली नसती, तर ही संधीही हातची गेली असती. मोकळ्या समुद्रात पसरलेला जीव परत गोळा करता येत नाही. आपल्याकडे मात्र बहुधा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार घडतो.

दुसरा उपाय नियमांचा. बॅलास्ट पाण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. जहाजाने पाणी सोडण्यापूर्वी त्यातील जीव यंत्रणेद्वारे नष्ट करावेत, ही त्याची दिशा आहे. या कराराच्या पूर्वतयारीसाठी जगातील सहा बंदरे निवडली गेली. त्यांत मुंबई होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या वेळी मुंबई बंदरातील जीवसृष्टीची पाहणी केली. घरात काय आहे याची यादीच नसेल, तर नवे काय आले हे कळणार कसे? पालघर जिल्ह्यात वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मोठी जहाजे तेथे लागण्यापूर्वी त्या किनाऱ्याची अशी यादी तयार असणे आणि पुढे ती सातत्याने तपासली जाणे, ही मागणी विकासविरोधी नाही. तो विकासाचाच भाग आहे.

तिसरा उपाय प्रत्येकाच्या घरातला. काचेच्या टाकीतला मासा मोठा झाला, कंटाळा आला, की तो नदीत सोडून पुण्य मिळाल्याचे समाधान मानणारी कुटुंबे याच शहरात आहेत. ही भूतदया नव्हे. मुठेचे पाणी पुढे भीमेला आणि उजनीला मिळते. त्या जलाशयात आज मूळच्या आफ्रिकेतील चिलापीचे साम्राज्य आहे आणि मत्स्यटाकीतून सुटलेला, कोणी विकत न घेणारा सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून ती फाडतो आहे. पुण्यातील एका दिवाणखान्यातला क्षणाचा निष्काळजीपणा इंदापूर-करमाळ्याच्या मच्छीमाराच्या जाळ्याला भोक पाडतो.

टाकीतले मासे आणि वनस्पती नदी-ओढ्यात न सोडता विक्रेत्याला परत द्याव्यात. कोकणात सहलीला गेलेल्या शाळांनी किनाऱ्यावरचे जीव नुसते पाहू नयेत, त्यांची नोंदही ठेवावी. अनोळखी शिंपला जाळ्यात आला तर कोळीबांधवांनी मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे आणि खात्यानेही त्या माहितीची कदर करावी. गडांवर पहारे होते म्हणून गड राहिले. आज किनाऱ्यावर येणारा अनाहूत तोफा घेऊन येत नाही, थेंबाथेंबाने येतो. त्याला ओळखणारे जागते डोळे लाखोंच्या संख्येने लागतील. आणि ते डोळे पगारी पहारेकऱ्यांचे नव्हे, तर तुमच्या-आमच्या मुलांचे असतील.