पिट्ठूत काय भरलंय?



आमच्या पलटणीतल्या निवृत्त जवानांसाठी मी एक छोटी वेबसाइट चालवतो. भाड्याचा सर्व्हर, १ जीबी मेमरी, त्यावर अपाचे. पेन्शनचं परिपत्रक निघालं की सगळे एकदम येतात, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसायचा. एकाने सल्ला दिला, "मॉड्यूल वेगळी ठेवू नका, सगळं एकत्र कंपाइल करा, मेमरी वाचेल." रात्रभर जागून तेही केलं. फरक? जवळजवळ शून्य.

का, ते सांगतो. अपाचे दोन प्रकारे बांधता येतो. स्टॅटिक म्हणजे सगळी मॉड्यूल एकाच मुख्य फाइलमध्ये. मॉड्युलर म्हणजे प्रत्येकाची वेगळी फाइल; सर्व्हर सुरू होताना 'लोडमॉड्यूल' या ओळीने ती जोडली जाते. दोन्हीत कोड फक्त वाचला जातो, बदलत नाही. म्हणून लिनक्स तो मेमरीत एकदाच ठेवतो आणि सगळ्या प्रोसेस तोच वापरतात. वेगळ्या फाइलींचा जादा खर्च किरकोळ असतो. अपाचेचे दस्तऐवज सांगतात की मॉड्युलर सर्व्हर सुरू व्हायला सुमारे २० टक्के, आणि काही प्लॅटफॉर्मवर चालताना सुमारे ५ टक्के संथ असतो. म्हणजे मोजायची किंमत वेळेची आहे, मेमरीची नव्हे.

मग आपण फसतो कुठे? मोजण्यात. 'टॉप' कमांड आरएसएसचा आकडा दाखवते. समजा, कंपनीच्या लंगरातलं एकच पातेलं प्रत्येक जवानाने आपल्या पिट्ठूच्या यादीत लिहिलं, तर बेरीज काय येईल? तसंच हे. ५० प्रोसेस, प्रत्येकी ४० एमबी, म्हणजे २,००० एमबी वाटतात. पण त्यातले ३० एमबी सामायिक असतील, तर खरा खर्च ३० अधिक ५० गुणिले १०, म्हणजे ५३० एमबी. हा हिशेब पीएसएस देतो. सामायिक भाग तो वाटेकऱ्यांत विभागतो. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या 'स्मॅप्स' फाइलमध्ये तो मिळतो.

तो पाहिला आणि माझा चोर सापडला. पीएचपीचं मॉड्यूल प्रत्येक प्रोसेसमध्ये बसलेलं होतं. साधं चित्र पाठवणारी प्रोसेससुद्धा पीएचपीचं ओझं वाहत होती, आणि ते ओझं सामायिक नव्हतं, ज्याचं त्याचं होतं. पीएचपी बाहेर काढून पीएचपी-एफपीएमकडे दिलं, अपाचेला इव्हेंट पद्धतीवर आणलं, प्रोसेसची कमाल संख्या मेमरीला झेपेल एवढी ठेवली. पुढचं परिपत्रक आलं तेव्हा सर्व्हर उभा राहिला.

मी मॉड्युलर बांधणीवरच परत आलो. कारण साधं: नको असलेलं मॉड्यूल काढायला एका ओळीपुढे हॅश टाकायचा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. स्टॅटिकमध्ये त्यासाठी सगळं नव्याने कंपाइल करावं लागतं.

तेव्हा आज घरी जाऊन एवढंच करा. लोड झालेल्या मॉड्यूलची यादी काढा आणि प्रत्येकापुढे ते कशासाठी लागतं ते लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही, ते उतरवा. पिट्ठू कोणत्या शिलाईचा आहे यापेक्षा त्यात काय भरलंय, हे चढणीवर जास्त कळतं.