दाराबाहेरची माणसं

आज समाजकार्य व विधी शाखेची पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांनो,

या शहराला लागूनच खारघरचा डोंगर आहे. त्यावर चाफेवाडी, फणसवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. पुढे पनवेल, कर्जत, पेण, सुधागडकडे निघालात की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वस्त्या जागोजाग लागतात. आपल्या भिंतींमधल्या कितीतरी विटा कातकरी बायकांनी थापलेल्या आहेत. त्यांच्यातल्या एखादीवर अत्याचार झाला, तर ती सगळ्यात आधी कोणाला सांगते? पोलिसांना नाही, वकिलालाही नाही. शेजारणीला सांगते, अंगणवाडीच्या ताईला सांगते, नाहीतर आशाताईला. आज मला त्या ऐकणाऱ्या बाईबद्दल बोलायचं आहे. पुढे त्या खटल्याचं काय होणार, हे बरंचसं तिच्या हातात असतं, आणि तिला तयार करायचं काम आपण फार थोडं केलं आहे.

विधीच्या विद्यार्थ्यांना मथुरा खटला पाठ असेल. २६ मार्च १९७२, देसाईगंज. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणलं होतं. रात्री बाकीच्यांना घरी जायला सांगून तिला आत थांबवून घेतलं. तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या दोन्ही पोलिसांना १९७४मध्ये सत्र न्यायालयाने सोडलं, १९७६मध्ये नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असं ते तर्कशास्त्र. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३मध्ये कायदा बदलला.

हे सगळं तुम्ही शिकलात. माझं मन मात्र दरवेळी त्या ठाण्याच्या दाराबाहेर अडकतं. आतले दिवे गेले, दार लागलं, तेव्हा बाहेर तिचा भाऊ होता, ती जिच्याकडे कामाला जायची ती बाई होती. त्यांनी आरडाओरडा केला. लोक जमले, खवळले, ठाणं पेटवून देऊ म्हणाले. तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली. ती गर्दी नसती तर मथुरा खटला नावाचं काही उरलंच नसतं. पण तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री. संताप होता, धैर्य होतं. आता या मुलीला आधी कुठे न्यायचं, हे ठामपणे सांगणारं कोणी नव्हतं.

ते सांगणारं माणूस प्रत्येक वाडीवर असावं, एवढंच आम्ही वाड्यांवर घेतो त्या प्रशिक्षणाचं उद्दिष्ट आहे. समाजमंदिरात सतरंजी अंथरून आम्ही बसतो. एक बाई पीडितेची भूमिका घेते, दुसरी तिचं ऐकते. ऐकणारीच्या तोंडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो, “तू तिकडं कशाला गेली होतीस?” विचारणारी कठोर नसते, लहानपणापासून तिने हेच ऐकलेलं असतं. मग आम्ही तो प्रश्न बदलायला बसतो. तुला कुठं लागलंय का? आत्ता तुझ्याजवळ कोण आहे? घरी जायला भीती वाटते का? त्यानंतर कामाच्या गोष्टी. शक्यतो अंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, बदललेच तर सावलीत सुकवून कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही. दवाखान्यात बहात्तर तासांच्या आत पोचायचं, कारण गर्भ राहू नये आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या वेळेत सुरू व्हाव्या लागतात. उपचारासाठी एफआयआरची अट नाही, पैसे भरावे लागत नाहीत. अक्षरओळख नसलेल्या बायकाही हा क्रम एका दुपारी तोंडपाठ करतात आणि पुढच्या बैठकीत आमचीच उजळणी घेतात.

वीटभट्टीवर गोष्ट आणखी अवघड होते. दिवाळीनंतर कुटुंबं उचल घेऊन निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुकादमाने हात टाकला तरी उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. म्हणून वाडीवरच्या कार्यकर्तीला वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६चा कायदाही ठाऊक हवा, आणि प्रांताच्या कचेरीचा रस्ताही. “आमची हद्द नाही” म्हणणाऱ्या ठाणे अंमलदारापुढे झिरो एफआयआर हा शब्द न घाबरता उच्चारता यायला हवा. आणि घरात जातीचा दाखला हवा. कित्येक कातकरी कुटुंबांकडे तो नसतो, आणि त्यावाचून १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावून घेताना जीव मेटाकुटीला येतो. दाखले काढून देणं हे हिंसा रोखण्याचंच काम आहे, असं मी मानतो.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘मिटवून टाका’ या सल्ल्याची. पाच-पंचवीस हजार रुपये, एक माफीनामा, नाहीतर सरळ त्याच्याशीच लग्न. राज्यात २००७पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधावरची भांडणं गावातच मिटली तर चांगलंच आहे. बलात्कार हा तंटा नव्हे. तो मिटवायचा अधिकार समितीला नाही, पोलीस पाटलाला नाही, जात पंचायतीलाही नाही. म्हणून आमच्या वर्गात आम्ही पोलीस पाटील आणि वाडीतल्या जुन्याजाणत्या पुरुषांनाही बसवतो.

घरातल्या मारहाणीवर बोलायची पाळी आली की हीच जाणती मंडळी गप्प होतात. दारू, संशय, मारझोड हे वाडीतही आहे, आणि नवरा आपल्याच जमातीचा असला की अत्याचार प्रतिबंधक कायदा तिथे लागत नाही. तिथे २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हाताशी घ्यावा लागतो. सोळाव्या वर्षी संसाराला लागलेली, पोटुशी पोर तर दवाखान्यातच जात नाही, कारण डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि नवरा पॉक्सो कायद्याखाली आत जाईल. तिचं बाळंतपण सुखरूप व्हायला हवं आणि तिच्या पाठच्या बहिणीचं लग्न थांबायला हवं. या दोन्ही गोष्टी एकदम साधणारं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही ते शोधायला लागा.

तुमच्यातले काही न्यायालयात जातील, काही रुग्णालयात, काही थोड्या अंतरावरच्या कोकण भवनात अधिकारी म्हणून बसतील. वाडीवरची ती बाई रात्री-अपरात्री कोणाला तरी फोन करेल. तो नंबर तुमचा असू द्या. ती ठाण्याच्या पायरीवर उभी असेल, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. बोलणं तिलाच करू द्या, कलम तुम्ही सांगा. यंदा टोळ्या भट्टीवर निघायच्या आत पेण आणि कर्जतच्या वाड्यांवर आमच्या बैठका आहेत. शिकवायला नको, आधी ऐकायला या. ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या टेबलावर नाव आणि फोन नंबर लिहून जा.