सोनें शोधण्याचा हक्क

सराफकट्ट्यावर सोनाराच्या दुकानापुढील धूळ झाडून नेणारा झारेकरी जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा आहे. दुकानांतील केर, भट्टींतील राख आणि गटारांतील गाळ तो पाण्यांत घोळवतो आणि इतरांनीं टाकून दिलेल्या मातींतून सोन्याचे कण वेगळे काढतो. हें त्याचें पोटाचें काम. परंतु एखादा सुखवस्तु कारकून अथवा शिक्षक सुटीच्या दिवशीं हेंच काम हौसेनें करावयास रानांत जातो, आणि 'सरकारी जमिनींत खुशाल शोध, सांपडेल तें तुझें' असें सरकारच त्याला लिहून देतें, असें कोणी सांगितलें तर झारेकऱ्याला ती थट्टाच वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील व्हिक्टोरिया राज्यांत मात्र ही नित्याची गोष्ट आहे. तेथें सरकारकडे थोडकी फी भरली म्हणजे एक कागद मिळतो. त्याचें नांव 'मायनर्स राइट', म्हणजे खाणकऱ्याचा हक्क. तो दहा वर्षें चालतो. रहिवाशाप्रमाणें प्रवाशासहि तो घेतां येतो. मेलबर्न शहरांत आज अनेक मराठी कुटुंबें वसलेलीं आहेत. त्यांतील कोणी मुलाबाळांसह परात आणि कुदळ घेऊन रविवारीं बाहेर पडूं म्हणेल, तर त्यालाहि प्रथम हाच कागद घ्यावा लागेल.

ह्या कागदाला 'परवाना' न म्हणतां 'हक्क' कां म्हणतात, हा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर पुढें येईल. तत्पूर्वीं सोनें तेथें कोठें आणि कसें सांपडतें तें पाहिलें पाहिजे.

व्हिक्टोरियाच्या मध्यभागांतील खडकांत पांढऱ्या गारगोटीच्या शिरा पसरलेल्या आहेत आणि सोनें त्या शिरांच्या पोटांत असतें. लक्षावधि वर्षांच्या ऊन-पावसानें खडक झिजला, गारगोटी फुटली आणि मोकळें झालेलें सोनें ओढ्यानाल्यांच्या गाळांत व टेकड्यांच्या उतारांवरील मातींत येऊन पडलें. सोनें पाण्याच्या एकोणीस पट जड, तर गारगोटी अवघी अडीच पटींच्या आसपास. परातींत गाळ घेऊन ती पाण्याखालीं गोल हलविली कीं हलकी वाळू कांठावरून वाहून जाते आणि जड सोनें तळाशीं बसतें. झारेकऱ्याची विद्या ती हीच. जेथें पाणी नाहीं तेथें अलीकडे जमिनींतील धातु ओळखून आवाज करणारें यंत्र वापरतात. तें जमिनीपासून बोट-दोन बोटें अंतरावर सावकाश फिरवावयाचें, आवाज आला कीं उकरून पाहावयाचें, आणि बहुधा गंजलेला खिळा हातीं घेऊन पुढें चालावयाचें, असा हा खेळ आहे.

तथापि तो अगदींच निष्फळ असतो असें नाहीं. मेलबर्नच्या वायव्येस मोटारीनें दोन-अडीच तासांच्या वाटेवर मेरीबरो, डनॉली, टार्नागुला, इंगलवुड, वेडरबर्न अशीं लहान लहान गांवें आहेत. त्या टापूला लोक 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात. ह्याच टापूंत मोलियागुल येथें १८६९ च्या फेब्रुवारी महिन्यांत जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स ह्या दोघां कॉर्निश खाणकऱ्यांना झाडाच्या मुळांशीं, जमिनीखालीं अवघ्या एक-दोन इंचांवर, सोन्याचा प्रचंड गोळा लागला. त्यांतून सुमारें ७२ किलो सोनें निघालें. डनॉलीच्या बँकेंत एवढें वजन तोलणारा कांटा नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. पुढें १९८० सालीं किंगोवर गांवाजवळ केव्हिन हिलिअर नांवाच्या गृहस्थाला यंत्राच्या साह्यानें २७ किलोंहून अधिक वजनाचा गोळा मिळाला. तो अमेरिकेंतील लास व्हेगास येथें गेला. असे योग शतकांतून एखादे. बहुतेकांच्या वांट्याला बाटलीच्या तळाशीं चमकणारे चार कण येतात, आणि त्यांतच त्यांना समाधान असतें.

आतां नियम. शोध घेण्यास मोकळीक आहे ती राखून न ठेवलेल्या सरकारी जमिनींत आणि बहुतेक सरकारी वनांत. खासगी जमिनींत मालकाची परवानगी हवी. जेथें एखाद्या कंपनीचा खाणकामाचा परवाना चालू असेल तेथें त्या कंपनीची संमति हवी. राष्ट्रीय उद्यानांत सामान्यतः मनाई आहे. परंतु कॅसलमेन, बेंडिगो आणि चिल्टर्न ह्या गांवांजवळील उद्यानांत कांहीं भाग हौशी लोकांसाठीं आंखून दिलेले आहेत. कांहीं नद्या आणि ओढेहि वर्ज्य केलेले आहेत. एकाच रानांत ओढ्याच्या एका कांठीं मोकळीक आणि दुसऱ्या कांठीं बंदी असूं शकते. म्हणून निघण्यापूर्वीं सरकारी नकाशा पाहणें हें पहिलें काम होय. 'ठाऊक नव्हतें' ही सबब तेथें चालत नाहीं.

हत्यारें हातानें चालविण्याचींच असावयाचीं: कुदळ, फावडें, हातोडी, चाळणी, परात आणि तें आवाज करणारें यंत्र. सुरुंग लावणें किंवा खोदकामाचीं मोठीं यंत्रें आणणें ह्यास सक्त मनाई आहे. झाडझुडुप तोडतां कामा नये. मूळ रहिवाशांच्या स्थानांना आणि वस्तूंना हात लावतां कामा नये. जुन्या खाणकऱ्यांनीं मागें ठेवलेल्या इमारती व अवशेष हे जनतेचा ठेवा समजले जातात, त्यांना धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. अधिकाऱ्यानें विचारल्यास हक्काचा कागद दाखविला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जमिनीला केलेली इजा दुरुस्त करून मगच जागा सोडावयाची. खोदलेला प्रत्येक खड्डा बुजवावयाचा. इतर राज्यांचे नियम ह्याहून निराळे आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियांत 'मायनर्स राइट' ह्याच नांवाचा कागद आहे, परंतु त्याला मुदत नाहीं. म्हणून राज्याची सीमा ओलांडली कीं पुन्हा चौकशी करावी.

हे नियम वाचून कोणी म्हणेल कीं सरकारनें हौशी माणसाला उगाच जखडून टाकलें आहे. परंतु ज्या काळांत हा कागद जन्मास आला तो काळ डोळ्यांपुढें आणला म्हणजे ह्या समजुतींतील चूक ध्यानांत येते.

सोन्यारुप्याच्या खाणी, जमीन कोणाचीहि असो, राजाच्या मालकीच्या, असा निर्णय इंग्लंडांत १५६८ सालीं झालेला होता. १८५१ सालीं व्हिक्टोरियांत सोनें सांपडलें आणि देशोदेशींचीं माणसें तिकडे लोटलीं, तेव्हां तेथील राज्यपाल ला ट्रोब ह्यांनीं त्याच तत्त्वावर प्रत्येक खाणकऱ्यास दरमहा ३० शिलिंगांचा परवाना लागू केला. सोनें सांपडो अथवा न सांपडो, पैसे हे भरावयाचेच. परवाना तपासण्याच्या निमित्तानें शिपाई खाणींवर धाडी घालीत. चिखलांत कमरेइतक्या खोल उभ्या असलेल्या माणसाला वर येऊन तो कागद दाखवावा लागे, आणि ज्याच्याजवळ तो नसे त्याला गुन्हेगाराप्रमाणें पकडून नेत. एवढें करून ह्या करदात्याला मत देण्याचा अधिकार नव्हता. जून १८५४ मध्यें आलेले नवे राज्यपाल हॉथम ह्यांनीं धाडी अधिकच वाढविल्या.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत बॅलरॅट येथें खाणकऱ्यांनीं सभा भरवून मताधिकाराची मागणी केली, आणि २९ तारखेस आपले परवाने जाहीर रीतीनें जाळले. दक्षिणेकडील तारकापुंजाचें चिन्ह असलेला निळा ध्वज उभारून पीटर लेलर नांवाच्या आयरिश तरुणाच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं लांकडाचें एक ओबडधोबड कुंपण रचलें. रविवार, ३ डिसेंबर १८५४ रोजीं पहाटे सैन्यानें ह्या कुंपणावर हल्ला केला. थोड्याच वेळांत सारें संपलें. वीसहून अधिक खाणकरी आणि कांहीं सैनिक प्राणांस मुकले. लेलर ह्यांचा डावा हात कापून टाकावा लागला. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले. पंचांनीं एकूणएक आरोपी निर्दोष ठरविले.

रणांत हरलेला पक्ष पुढील वर्षीं न्यायांत जिंकला. १८५५ सालीं परवाना रद्द झाला. त्याच्या जागीं सालीना एक पौंड फीचा 'मायनर्स राइट' आला, आणि तो ज्याच्याजवळ असेल त्या खाणकरी पुरुषाला जमिनीच्या तुकड्याबरोबर मत देण्याचाहि अधिकार मिळाला. त्याच वर्षीं लेलर विधिमंडळांत निवडून गेले आणि कालांतरानें तेथील अध्यक्षहि झाले. तेव्हां आज हौशी माणसाच्या खिशांत असलेला कागद ही नुसती फीची पावती नव्हे. एकेकाळीं त्यासाठीं माणसें मेलेलीं आहेत, आणि म्हणूनच त्याच्या नांवांत 'हक्क' हा शब्द आहे.

परंतु गोष्ट येथेंच संपविली तर ती अर्धवट राहील. हक्क मिळविणाऱ्यांनीं तो सर्वांना मिळूं दिला नाहीं. ज्या १८५५ सालीं हा कागद निघाला त्याच सालीं व्हिक्टोरियांत उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांची पट्टी बसली. ती चुकविण्यासाठीं हजारों चिनी लोक शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियांतील रोब बंदरांत उतरून शेंकडों मैल पायीं चालत खाणींवर गेले. अशाच एका तांड्यास १८५७ सालीं वाटेवर अरारट येथें भरपूर सोनें लागलें. आणि ज्यांच्या पूर्वजांची ही भूमि, त्या जाजा वुरुंग लोकांना कोणींच कांहीं विचारलें नाहीं. त्यांचे ओढे गाळानें भरले, टेकड्यांचीं पोटें उघडीं पडलीं, रानें तुटलीं. आजहि ते आपल्या ह्या प्रदेशाला 'उलथापालथ झालेला मुलूख' अशा अर्थाच्या शब्दांनीं संबोधतात. त्यांचें त्या भूमीशीं असलेलें नातें व्हिक्टोरिया सरकारनें कराराद्वारें मान्य केलें तें २०१३ सालीं, म्हणजे सोनें सांपडल्यानंतर एकशें बासष्ट वर्षांनीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे वर सांगितलेल्या नियमांचा अर्थ उलगडतो. जुन्या खाणकऱ्यांनीं हक्क मिळविला, पण खड्डे उघडे टाकले. त्यांतील कित्येक अद्याप तसेच आहेत आणि पानापाचोळ्याखालीं दडलेल्या त्या विहिरी वाटसरूला घातक ठरूं शकतात. आजच्या हौशी माणसाकडून कायदा अपेक्षा करतो ती एवढीच कीं त्यानें हक्क भोगावा आणि खड्डा बुजवावा. ही अपेक्षा लहान दिसली तरी तिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. १९ व्या शतकांत रान अफाट वाटत होतें. आज रान थोडें उरलें आहे आणि त्याचे वांटेकरी अनेक आहेत. पक्षी पाहणारे, पायीं हिंडणारे, मधमाशा पाळणारे, भूमीचे मूळ धनी, आणि परात घेऊन येणारे, ह्या सर्वांना तेंच रान हवें आहे. २०२१ सालीं व्हिक्टोरिया सरकारनें मध्य व पश्चिम भागांतील आणखी कांहीं वनांना राष्ट्रीय उद्यान करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हां सोनें शोधणाऱ्यांच्या मनांत धास्ती उत्पन्न झाली ती उगाच नव्हे. अशा वेळीं उघडा टाकलेला एकेक खड्डा रान बंद करूं पाहणाऱ्यांच्या बाजूनें साक्ष देतो, आणि बुजविलेला खड्डा कांहींच न बोलतां हौशी माणसाची बाजू मांडतो.

सार्वजनिक जमीन म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन, अशी एक समजूत सर्वच देशांत आढळते. नदीच्या पात्रांतील वाळू असो, डोंगरावरील मुरूम असो, अथवा रस्त्याकडेचें झाड असो, तें सर्वांचें म्हणून प्रत्येक जण त्यांतून घेतो आणि तें सर्वांचें म्हणूनच कोणी त्याची निगा राखीत नाहीं. महाराष्ट्रांतील नद्यांच्या पात्रांकडे पाहिलें तर ह्याची साक्ष दूर जाऊन शोधावी लागत नाहीं. व्हिक्टोरियांतील त्या कागदानें घेण्याचा अधिकार आणि निगा राखण्याचें कर्तव्य एकाच पानावर लिहून ठेवलें आहे. संध्याकाळीं परत निघतांना त्या हौशी माणसाच्या बाटलींत चार कण असोत वा नसोत. फावड्यानें माती लोटून, वर पाचोळा पसरून, आपण येथें आलों होतों ही खूण पुसून टाकण्यास त्याला दोन मिनिटें पुरतात. तेवढें त्यानें केलें तर पुढल्या रविवारीं तें रान त्याला आणि इतरांनाहि मोकळें राहील.