जुन्या इंजिनाची गळती

जुन्या मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन हा आज अनेक घरांतून जिव्हाळ्याचा उद्योग होऊन बसला आहे. वर्षानुवर्षे पडवीत धूळ खात उभी असलेली आजोबांची बुलेट बाहेर काढावी, इंजिन उकलावे, झिजलेले भाग बदलावेत, झाकणे आरशासारखी चकचकीत करावीत. आणि पहिल्याच रात्री फरशीवर तेलाचा काळा डाग पडावा! हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, ‘ही जुनी इंजिने गळायचीच’ असे म्हणून पुष्कळ लोक हात टेकतात. वस्तुतः गळतीला कारण असते आणि ते शोधता येते.

बुलेट मूळची इंग्लंडमधील. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी या देशाची झाली. तिच्या जुन्या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. दट्ट्या खाली येतो तेव्हा तेवढीच हवा त्याच्याखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाबली जाते. मिनिटाला ३,००० फेरे धरले, तर ही क्रिया सेकंदाला ५० वेळा घडते. या हवेला बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची वाट असते. अनेक बुलेट गाड्यांत तिच्या टोकाशी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती हवा बाहेर सोडते, परंतु आत येऊ देत नाही.

गळतीचे मर्म पुष्कळदा येथेच सापडते. ही झडप कडक झाली, नळी तुंबली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून जळलेला वायू खाली उतरू लागला, की पेटीतील दाब वाढतो आणि जो जोड सर्वांत दुबळा, त्यातून तेल बाहेर पडते. मालक तेथील पॅकिंग बदलतो; आठ दिवसांनी तेल दुसऱ्या जोडातून येते. दोष पॅकिंगचा नसतो, कोंडलेल्या हवेचा असतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी ब्रीदर तपासावा.

त्यानंतर उगम शोधावा. तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीवर वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे डाग दिसतो एकीकडे आणि छिद्र असते दुसरीकडे. थंड इंजिन रॉकेलने धुवावे, पूर्ण कोरडे करावे, संशयित जोडांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि मग ते थोडा वेळ चालवावे. पूड प्रथम जेथे काळवंडेल, तेथे गळतीचे मूळ.

दुरुस्त केलेल्या इंजिनात आणखी एक दोष आढळतो. तो दुरुस्तीनेच निर्माण केलेला असतो. झाकण उचकटताना जोडात पेचकस घातल्याने चरे पडतात. चकाकीच्या हौसेने पॉलिश करताना जोडाच्या कडा गोलावतात. असे झाकण जाड काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून त्यावर हलक्या हाताने सर्व बाजूंनी घासावे, म्हणजे पृष्ठभाग सपाट होतो. तांब्याचे वॉशर वारंवार आवळले गेल्याने कडक होतात. ते लालसर तापवून थंड केले की पुन्हा मऊ होतात. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर ठोकून कडक झालेले भांडे याच रीतीने मऊ करीत आला आहे.

याउलट, जोर लावून नट आवळण्याने गळती थांबत नाही. जुन्या बुलेटचे प्रायमरी चेनवरील झाकण मध्यभागी एकाच नटाने धरलेले असते. तो अती आवळला की झाकण वाकते आणि कडेने तेल सुटते. चिकट सिलिकोनचा जाड थर लावणे तर अधिक धोक्याचे. आत दबलेला लेप तुटून तेलाच्या बारीक वाटांत अडकला, तर इंजिन तेलावाचून जाम होऊ शकते.

कित्येकदा जी गळती भासते, ती गळती नसतेच. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीतील तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. पट्टीवर पातळी कमी दिसते, मालक वरून तेल ओततो आणि इंजिन सुरू होताच जादा तेल ब्रीदरवाटे बाहेर फेकले जाते. अशा गाडीची पातळी इंजिन काही मिनिटे चालवून मगच पाहावी.

एवढे करूनही एखाद्या जोडावर किंचित ओल दिसली, तर तिचा खेद मानण्याचे कारण नाही. मात्र मागच्या टायरपर्यंत पोहोचणारे तेल क्षम्य नव्हे. वळणावर तेच स्वाराला पाडते. गाडीखाली रात्री वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरावा आणि सकाळी डाग किती व कोठे पडला, ते पाहावे. चकचकीत झाकणांपेक्षा तो कागद इंजिनाची अधिक खरी हकीकत सांगतो.