चिमणीला वळचण हवी



नव्या शाळाखोलीच्या स्लॅबखाली उभे राहून चिमणीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु तिचा प्रश्न या स्लॅबशीच निगडित आहे. कौलारू घराच्या वळचणीत, वाशांच्या फटीत, तसबिरीमागे तिला आजवर जागा मिळत आली. सपाट सिमेंटने ती काढून घेतली. चिमणी उघड्या फांदीवर क्वचितच घरटे बांधते; तिला पोकळी लागते. म्हणून ही पेटी.

खोक्याची जुनी, रंग न दिलेली फळी घ्यावी. तळ सुमारे १५ सेंटिमीटर चौरस, उंची थोडी अधिक. भोक ३२ मिलिमीटरचे. ते फार मोठे झाल्यास साळुंकी पेटी बळकावते. तळाला बारीक छिद्रे असावीत, झाकण उघडता यावे. पुढे दांडी ठोकण्याचा मोह टाळावा. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते. पेटी तीनेक मीटर उंचीवर, सावलीत, पंख्यापासून दूर लावावी.

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. त्यात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. त्या दिवशी पेट्या वाटल्या जातात, छायाचित्रेही निघतात. पण पिल्ले वाढतात ती मुख्यतः अळ्या-किड्यांवर. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. तेवढा काळ शाळेच्या आवारात व लगतच्या परसात कीटकनाशक फवारू नये, असा ठराव येत्या ग्रामसभेत सदस्यांनी मांडावा, ही माझी विनंती आहे. पेटी रिकामी झाल्याची खात्री करून जुने घरटे काढण्याचे काम सातवीच्या मुलांकडे सोपवता येईल.