लेबल नसलेल्या पुडीवर खटला कसा भरणार?

आज औषधांबद्दल बोलू, पण डॉक्टरच्या नाही, कोर्टाच्या बाजूने.

महाड काय, पोलादपूर काय, बाजारात किंवा एसटी स्टँडबाहेर सांध्यांच्या दुखण्यावर पुड्या विकणारा कोणी ना कोणी भेटतोच. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही." लावणी करून कंबर धरलेली आजी पुडी घेते आणि दोन दिवसांत चालायला लागते. गुण आला म्हणून शेजारच्या चौघी घेतात.

आता, अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं बरेचदा सापडलंय. सूज उतरते, पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि काही महिने घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. दवाखान्यात विचारतात, काय घेत होता? उत्तर काय, तर "पुडी."

कायदा नाही का? आहे ना. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940. पेटंट औषधावर खरे घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल, तर ते विकताच येत नाही. भेसळीच्या किंवा बनावट ॲलोपॅथिक औषधाने माणूस दगावला तर किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आयुर्वेदिकचे नियम वेगळे आहेत, पण विक्रीच्या मालाला उत्पादनाचं लायसन्स, बॅच नंबर, घटकांची यादी लागतेच. वैद्याने आपल्याच रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला सूट आहे. स्टँडवरच्या विक्रेत्याला नाही.

लेबलचं महत्त्व किती? अमेरिकेत 1937 मध्ये 'एलिक्झिर सल्फानिलामाइड'ने शंभरहून जास्त माणसं गेली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. पण औषध सुरक्षित आहे का हे तपासून मगच विका, असं तेव्हाचा कायदा म्हणतच नव्हता. कंपनी सापडली ती नावावरून: 'एलिक्झिर' म्हटलं की अल्कोहोल हवं, आणि ते त्यात नव्हतं!

आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. विष तेच. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून एफडीए आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले. पण तिथे खरेदीचे कागद होते, म्हणून धागा पकडता आला. पुडीच्या बाबतीत धागाच नाही.

इन्स्पेक्टर नमुना घेतो तेव्हा त्याचे भाग करून सील करतो. एक भाग विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी. माल कुणाकडून आणला हे विक्रेत्याने सांगावंच लागतं. पण विक्रेता दुसऱ्या दिवशी खेडला किंवा माणगावला गेला, आणि आजीने कागद चुलीत टाकला, तर इन्स्पेक्टर कुणाला विचारणार?

म्हणून एवढंच करा. बिल मागा. देत नसेल तर घेऊच नका. आधीच घेतलं असेल तर उरलेली पुडी वेष्टणासकट ठेवा, विक्रेत्याचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा, आणि पेणच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. आणि औषध चालू असलेल्या माणसाला ते स्वतःच्या मनाने बंद करायला लावू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे न्या.

हा भाग आईला, मावशीला, गावच्या ग्रुपवर पाठवा. पुन्हा भेटू.